सेंधव्याला चार्जर बंद निघाला

इंदूरच्या एका शोरूममध्ये मी इलेक्ट्रिक गाड्यांच्या ग्राहकांचं काम बघते. पहिल्या लांबच्या प्रवासाचे थांबे ठरवून देणं हा त्यातला माझा सगळ्यात आवडता भाग. मे महिन्यात लोकमान्य नगरचे एक काका आले. मुलीकडे नाशिकला नातवाची मुंज, मुहूर्त दुसऱ्या दिवशी सकाळचा, आणि बरोबर ऐंशी पार केलेली आई. "बेटा, तिला सलग फार बसवत नाही. गुडघे आखडतात. आधी तिचं बघ, मग बॅटरीचं."

माझ्या मते थांबे ठरवायची हीच रीत बरोबर. नाशिक इथून चारशेच्या थोडं वर. 40 युनिटची बॅटरी कागदावर कितीही पळो, मेच्या उन्हात, हायवेच्या वेगाने मी अडीचशे किलोमीटरच धरते. खलघाटला नर्मदेपाशी नुसतं चहाला उतरायचं. चार्जिंग दीडशे किलोमीटरवर सेंधव्याला, मग धुळ्याला. दोन्हीकडे 80 टक्क्यांपर्यंतच. त्यापुढे बॅटरी करंट कमी कमी घेत जाते आणि वेळ फुकट जातो.

पण प्रत्येक थांब्यापुढे मी आणखी एक गाव लिहिते: इथे बंद असेल तर कुठे? सेंधव्यापुढे शिरपूर लिहिलं, आणि सेंधव्याला पोचताना 40 टक्के शिल्लक हवेत हे काकांना दोनदा सांगितलं. ॲपवरच्या हिरव्या ठिपक्यावर माझा विश्वास नाही. तिथे शेवटची गाडी कधी चार्ज झाली ते बघते. सेंधव्याला आदल्या संध्याकाळी झाली होती.

सकाळी काकांचा फोन. रात्रीच्या वादळात लाइन गेली, चार्जर बंद. गाडीत 33 टक्के. मुलगा शंभरच्या वर चालवत आला होता. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, ते सात टक्के तिथेच गेले. आता तो ढाब्यावरच्या साध्या 15 ॲम्पिअरच्या सॉकेटला गाडी लावायला निघाला होता.

"दादा, तासाला तीन युनिट मिळतील. संध्याकाळ होईल."

शिरपूर पन्नासेक किलोमीटर. साठच्या वेगाने सात युनिट, म्हणजे 18 टक्के. शिवाय बिजासन घाटातून रस्ता तापीच्या खोऱ्यात उतरतो, उतारावर मोटर उलट बॅटरीच भरते. मी शिरपूरला स्वतः फोन लावला, चार्जर चालू आहे आणि बसायला सावली आहे हे विचारून घेतलं, मगच त्यांना निघा म्हटलं. काकांनी एसी बंद केला होता. तो आधी लावायला लावला. त्या उन्हात आजींचे हाल झाले असते, आणि एसीला तासाला एखादं युनिट लागतं. खरी वीज वेगात जाते.

पोचले तेव्हा 16 टक्के होते. गाडी चार्ज होईपर्यंत आजी जेवून आडव्या झाल्या. रात्री सगळे नाशिकला, मुंज मुहूर्तावर लागली.

परतीचा हिशोब मी वेगळा करून पाठवला. नर्मदेपासून इंदूरपर्यंत सुमारे 400 मीटरची चढण आहे; भरलेल्या गाडीला तेवढ्यासाठी दोन युनिट जास्त लागतात. म्हणून सेंधव्याहून 90 टक्क्यांवर निघायचं. तो चार्जर तोवर सुरू झाला नसेल, तर जेवण शिरपूरलाच करायचं आणि वेळ लागला तरी 100 भरूनच घाट चढायचा.