तंगडीचं हाड काय सांगतं

चिकनवर विकिरण, म्हणजे जंतू मारण्यासाठी किरणांचा मारा, झालंय का हे ओळखायचं, असा एम.एस्सी.चा प्रकल्प मिळाला, तेव्हा मला वाटलं मांसातला किरणोत्सार मोजायचा. मार्गदर्शक मॅडमनी पहिल्याच दिवशी तो गैरसमज दूर केला. कोबाल्ट-६०च्या गॅमा किरणांनी अन्न किरणोत्सारी होत नाही. शोधायचा तो किरणांचा रासायनिक माग.

हा माग हाडात टिकतो. किरणांनी रेणू तुटून मुक्त मूलकं, म्हणजे सुट्या इलेक्ट्रॉनचे तुकडे, तयार होतात; ओल्या मांसात ती लगेच विरतात. हाडाच्या खनिजात मात्र ती स्फटिकात कोंडली जातात आणि मांस खराब झालं तरी शिल्लक असतात. ईएसआर (इलेक्ट्रॉन स्पिन रेझोनन्स) यंत्र चुंबकीय क्षेत्रात त्यांच्यातले सुटे इलेक्ट्रॉन हेरतं.

बाजारातून तंगड्या आणल्या. निम्म्यांना ३ किलोग्रे (शोषलेल्या किरण-ऊर्जेचं एकक) मात्रा दिली, निम्म्या कोऱ्या ठेवल्या. मांस खरवडायचं, नळीतला मगज काढायचा, हाड वाळवायचं, तुकडे क्वार्ट्झच्या बारीक नळीत भरायचे. हात दिवसभर वास मारायचे.

आणि कोऱ्या हाडानेही सिग्नल दिला! दोन रात्री झोप लागली नाही; नमुन्यांची अदलाबदल झाली असेच वाटत राहिलं. मॅडमनी दोन्ही आलेख शेजारी ठेवले आणि म्हणाल्या, "उंची नको बघूस, आकार बघ." कोऱ्याचा सिग्नल दुबळा, रुंद, दोन्ही बाजूंनी सारखा, जी-मूल्य (सिग्नलची आलेखावरची जागा सांगणारा आकडा) २.००५च्या आसपास. विकिरित हाडाचा एका बाजूला कललेला, २.००२ आणि १.९९८ला. एकदा डोळ्यांत बसल्यावर तो फरक लपत नाही. कोरा नमुना शेजारी नसता तर मी चुकीचा निष्कर्ष लिहून मोकळी झाले असते.

बोनलेसचं काय? तिथे चरबी कामाला येते. चरबीतल्या पामिटिक आम्लापासून विकिरणाने २-डोडेसिलसायक्लोब्युटॅनोन बनतं. हेक्झेन या द्रावकाने चरबी काढून, ती गाळून वेगळी करणाऱ्या फ्लोरिसिल भुकटीच्या स्तंभातून नेण्यातच माझे तीन आठवडे गेले. चरबी सोबत उतरायची आणि जीसी-एमएसचा (घटक वेगळे करून त्यांचं वस्तुमान मोजणाऱ्या यंत्राचा) आलेख गढूळ व्हायचा. स्तंभ पुन्हापुन्हा भरला तेव्हा कुठे त्या संयुगाची ओळख असलेले ९८ आणि ११२ वस्तुमानाचे आयन एकाच वेळी, स्वच्छ वर आले.

शेवटी मॅडमनी नावं झाकून सहा नमुने दिले, चार हाडाचे, दोन बोनलेसचे. मी उत्तरं कागदावर लिहून दिली. त्यांनी आपली वही उघडली, एकेक ओळ ताडून पाहिली आणि सहाही उत्तरांवर सही केली.