राजगड ते तोरणा, पाठीवर चुकीची बॅग: घेण्याआधी हे वाचा

राजगडाच्या संजीवनी माचीवरून उतरताना बॅगेने जो छळ मांडला त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. राजगड-तोरणा कसा करायचा यावर भरपूर लिहिलं गेलंय. पाठीवर काय घेऊन करायचा हे मात्र धड कोणी सांगत नाही, आणि दुकानात जे सांगतात ते ऐकून मी दोन हजारांच्या वर पैसे घालवले. बूट, टॉर्च आणि दिवसभर चढ-उताराचा दमसास तुमच्याकडे आहे असं धरूनच पुढचं लिहिलंय.

मला एकच छोटी, हलकी बॅग हवी होती. कोथरूड ते हिंजवडी सायकलने ऑफिस, सकाळी वेताळ टेकडीवर पळणं आणि सुट्टीला एखादा गड, या तिन्हींसाठी. पुण्यातल्या एका मोठ्या दुकानात विक्रेत्याने एक बॅग पुढे केली. वीस लिटर, वॉटरप्रूफ, तिन्ही कामांना एकच. छापील किंमत 3,999, ‘ऑफर’मध्ये 2,199. बिल करताना रेनकव्हरचे 350 वेगळे लावले. वॉटरप्रूफ आहे तर कव्हर कशाला, असं विचारलं तर ‘सेफ्टीसाठी’ एवढंच उत्तर.

लिटरचं आधी सांगतो, कारण सगळी फसवणूक तिथूनच सुरू होते. बॅगेचं आकारमान मोजायला एएसटीएम या अमेरिकी प्रमाण-संस्थेची एफ 2153 नावाची प्रमाणित पद्धत आहे. त्यात बॅगेत 20 मिलिमीटर व्यासाचे प्लास्टिकचे गोळे भरून ते मोजतात. पण लेबलवरचा आकडा त्याच पद्धतीने काढलाय की बाहेरचे जाळीचे खिसे ताणून धरून, हे बहुतेक लेबलं सांगत नाहीत. मी घरी लिटरच्या मापाने चुरमुरे ओतून पाहिले. मुख्य कप्प्यात चौदा लिटर आणि वर थोडे बसले. बाकीचे लिटर बाहेरच्या जाळीत धरायचे, आणि त्या जाळीचं पुढे काय झालं ते वाचाच. स्वयंपाकघरातल्या काट्यावर रिकामी बॅग एक किलोला थोडी जास्त भरली. पाठीला हवा लागावी म्हणून आत तारेची वाकवलेली चौकट होती, तिचंच हे वजन.

पहाटे अंधारात राजगडाच्या पायथ्याच्या गुंजवण्यातून चढायला लागलो. ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा, गवत छातीपर्यंत, वाट ओलसर. चोर दरवाज्याआधीच्या खडकातल्या पायऱ्यांवर रेलिंग आहे, तिथे अडचण नाही. दरवाजा मात्र बुटका आहे, वाकूनच आत जावं लागतं, आणि ज्या बॅगेची चौकट खांद्याच्या वर येते ती तिथे हमखास अडकते. माझी अडकली. मागचे लोक खोळंबले, पट्टे सैल करून बॅग हातात घ्यावी लागली. पद्मावती माचीवर पिठलं-भाकरी खाल्ली, तळ्याकाठी बसलो, सकाळ सुंदर होती. त्यावर यापेक्षा जास्त लिहिण्याची गरज नाही.

खरा प्रश्न संजीवनी माचीच्या टोकापासून तोरण्याच्या बुधला माचीपर्यंतचा आहे. माची सुमारे अडीच किलोमीटर लांब, चिलखती म्हणजे दुहेरी तटबंदीची, आणि तटाच्या आतून चालेपर्यंत सगळं ठीक. अळू दरवाज्यातून बाहेर पडलात की घसारा सुरू होतो. मुरूम, सुटे दगड, त्यावर वाळलेलं गवत. इथे शरीर क्षणाक्षणाला तोल सावरत असतं आणि पाठीवरचं ओझं शरीराबरोबर वळायला हवं. माझ्या बॅगेत तीन लिटर पाणी, जेवण, विंडचीटर, प्रथमोपचार आणि पॉवर बँक मिळून साडेचार किलो होते. ती चौकट हे सगळं पाठीपासून चार बोटं लांब धरून ठेवत होती. सपाट रस्त्यावर त्याने पाठ कोरडी राहते. घसाऱ्यावर मात्र पाय सरकला की शरीर एकीकडे आणि ओझं दुसरीकडे. मी उजवीकडे वळून थांबायचो आणि अर्ध्या सेकंदाने बॅग यायची, तेवढ्यात दुसरा पाय सरकायचा. बाजूने आवळायला पट्टेच नव्हते, त्यामुळे पाणी कमी झालं तसं आतलं सामान खाली जाऊन जास्तच हलायला लागलं. छातीचा पट्टा होता, पण त्याची चकती खांद्याच्या पट्ट्यावर घट्ट बसत नव्हती आणि दर दहा मिनिटांनी गळ्यापर्यंत चढत होती. दरीच्या बाजूला गळ्याशी आलेला पट्टा एका हाताने खाली ओढायचा आणि दुसऱ्या हाताने गवताला धरायचं, असं किती वेळ चाललं ते विचारू नका.

पुढे धारेवर कारवी आणि काटेरी झुडपं वाटेवर आलेली. त्यात बाजूची जाळी फाटली. भरलेली लिटरची बाटली निसटली आणि उतारावरून गेली ती गेलीच. माचीवरून उतरल्यापासून तोरण्यावर पोहोचेपर्यंत भरवशाचं पाणी नाही, त्यामुळे एक लिटर जाणं ही किरकोळ गोष्ट नव्हे. ज्या बॅगेचे बाजूचे खिसे नुसत्या ताणल्या जाणाऱ्या जाळीचे आहेत ती सह्याद्रीत आणू नका. खिसा अंगाच्याच कापडाचा आणि खोल हवा, बाटलीची मान वरून दोरीने अडकवता आली पाहिजे.

दोन्ही गडांमधल्या खिंडीतल्या डांबरी रस्त्यावर पोहोचलो तेव्हा मी एवढा वैतागलो होतो की तिथूनच परत जायचा विचार आला. मित्राकडे पंधरा लिटरची मऊ बॅग होती, बिनचौकटीची, रुंद पट्ट्यांची. पळणाऱ्यांच्या जाकिटासारखे तिचे पट्टे छातीवर पसरतात आणि दोन ठिकाणी बंद होतात. वजन 400 ग्रॅमच्या आसपास, किंमत माझ्या बॅगेपेक्षा सातशे रुपयांनी कमी. त्याने बदलून घेऊ म्हटलं. पुढचा चढ मी त्याच्या बॅगेने चढलो आणि दहा मिनिटांत फरक कळला. पाणी पुढच्या खिशांत छातीवर, बाकीचं पाठीला चिकटून. घाम येतो, पाठ पूर्ण भिजते. भिजू द्या. बुधल्याखालच्या लोखंडी शिडीवर दोन्ही हात गजाला असताना मागे ओढणारं काही नसणं हे कोरड्या पाठीपेक्षा हजारपटीने मोलाचं आहे. माझी बॅग तिथे मित्राला पाठीवर नकोशी झाली, शेवटी दोरीने वर ओढून घेतली.

तोरण्यावर दुपारी परतीच्या पावसाने गाठलं. 1,403 मीटर उंचीवरच्या उघड्या माचीवर वारा असतोच. रेनकव्हर आधी फुगलं, मग उडालं. गडावरच्या मेंगाईच्या मंदिरात पोहोचून बॅग उघडली तर पोळ्यांचा लगदा आणि पॉवर बँक ओली.

‘वॉटरप्रूफ’ या शब्दामागे काय असतं ते समजून घ्या. नायलॉनच्या आतल्या बाजूला पॉलियुरेथेनचा थर दिलेला असतो, म्हणून कापडातून पाणी येत नाही. पण शिवण म्हणजे सुईने पाडलेली भोकं, आणि आतून टेप लावलेली नसेल तर पाणी तिथून येतं. साध्या चेनमधून येतं. पाठीवरून ओघळून कव्हर आणि पाठ यांच्यामधूनही येतं. शिवाय तो थर दमट हवेत काही वर्षांनी चिकट होतो आणि पापुद्रे सुटतात, म्हणून पावसाळ्यात बॅग ओलीच कपाटात कोंबू नका. उपाय स्वस्त आहे. रेनकव्हरचे पैसे वाचवा, जाड प्लास्टिकची मोठी पिशवी बॅगेच्या आत घाला, सामान तिच्यात भरा आणि तोंड पिळून दुमडा. मित्राने तेच केलं होतं. त्याची बॅग बाहेरून चिंब, आत सगळं कोरडं.

डेनिअरचा आकडा मात्र लेबलवर जरूर पाहा. 9,000 मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनिअर. तीस-चाळीस डेनिअरच्या, मुठीत मावणाऱ्या घडीच्या बॅगा पळायला छान, पण कारवीत आणि खडकावर टिकत नाहीत. शंभर ते दोनशे दहाच्या दरम्यानचं, चौकटी विणीचं रिपस्टॉप नायलॉन घ्या. तळाला दुहेरी कापड असेल तर उत्तम, कारण उतारावर आपण बसतो तेव्हा आधी बॅग घासते.

परत आल्यावर तशीच मऊ बॅग घेतली आणि पळायला, सायकलला वापरतोय. पळण्याचा निकाल असा: दोन किलोपर्यंत ती हलत नाही, त्यापुढे कुठलीही बॅग पळायची नाही. अर्धवट रिकामी असेल तर बाजूच्या दोऱ्यांनी पूर्ण आवळता आली पाहिजे. नळीवाली पाण्याची पिशवी वापरत असाल तर भरून उलटी करा आणि आतली हवा नळीतून ओढून काढा, डचमळणं थांबतं.

सायकलवर शर्ट, डबा, पंक्चरचं सामान एवढ्यासाठी हीच बॅग पुरते. पण लॅपटॉप आला की गणित संपलं. मऊ बॅगेत लॅपटॉप पाठीला टोचतो, आणि कडक पाठीची घेतली तर पुढे झुकल्यावर तिचं टोक हेल्मेटला लागून मान वर करता येत नाही. चांदणी चौकाच्या वाहतुकीत मान वर न करता येणं धोक्याचं आहे. रोज लॅपटॉप न्यायचा असेल तर सायकलला कॅरिअर बसवा आणि त्याला अडकवायची बाजूची बॅग घ्या. तिन्ही कामांना एकच बॅग म्हणून लॅपटॉपसकट विकणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. काळी बॅगही नको. असलीच तर मागचा दिवा अडकवायला पट्टी हवी.

दुकानात जाताना भरलेल्या तीन बाटल्या बरोबर न्या. विक्रेते बॅगेत कागदाचे बोळे भरून दाखवतात, ते आधी काढायला लावा. बाटल्या भरून सगळे पट्टे आवळा आणि जागच्या जागी उड्या मारा. पायाचे अंगठे धरायला वाका, बॅग मानेवर घसरली तर तिथेच परत करा. हेल्मेट घालून वाका आणि समोर बघा. बॅग न काढता बाटली बाहेर काढा आणि परत ठेवा, हे जमलं नाही तर ट्रेकभर पाणी प्यायचा कंटाळा कराल. छातीच्या पट्ट्याची चकती जोरात वर-खाली ओढा. मानेच्या बुडाशी वर येणाऱ्या हाडापासून कमरेच्या हाडापर्यंत पाठ मोजून घ्या. उंची सारखी असली तरी पाठीची लांबी वेगळी असते, म्हणून मित्राला बसली ती तुम्हाला बसेलच असं नाही. कोणी हे सगळं करू देत नसेल तर दुसरं दुकान गाठा.

आता परतीच्या जीपचं. ट्रेक गुंजवण्यातून सुरू होतो आणि तोरण्याच्या बिनी दरवाज्याने पायथ्याच्या वेल्ह्यात संपतो. गाडी गुंजवण्यात लावली असेल तर परत जायला विंझर, मार्गासनी, साखर असा वळसा पडतो. संध्याकाळी ओल्या कपड्यांत, थकलेले दिसलात की स्पेशल जीपचे तोंडाला येतील ते पैसे मागतात. आम्हाला 1,800 सांगितले, 1,200 वर आले, तेही जास्तच होते. गाडी आणूच नका. स्वारगेटहून एसटीने किंवा नसरापूर फाट्यावरून वडापने गुंजवण्यात जा. वेल्ह्यातून सुटणाऱ्या शेवटच्या एसटीची वेळ आदल्या दिवशी स्वारगेटच्या चौकशी खिडकीवर विचारून ठेवा आणि दुपारी तीनच्या आत मेंगाईच्या मंदिरातून उतरायला लागा, बिनी दरवाज्याखालच्या ओल्या कातळावर घाई करता येत नाही.