तुम्ही विचारलंत म्हणून: मदरशात प्रश्न विचारता येतो का?

मदरशात वरच्या वर्गांना फिक्ह, म्हणजे धर्मशास्त्रातला कायदा शिकवतो असं सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, ‘पण तिथं चिकित्सा वगैरे चालते का? की सगळं पाठांतरच?’ एसटीत विचारलंय, लग्नाच्या पंगतीत विचारलंय.

पाठांतर आहेच, नाही कशाला म्हणू? पण पाठ काय करतात ते बघा. आमचं मुख्य पुस्तक ‘हिदाया’, १२व्या शतकातलं, मध्य आशियातल्या फरगाण्याच्या मरगीनानींचं. त्यात पानोपानी गुरू एक म्हणतो आणि त्याचेच दोन शिष्य उलट म्हणतात. गुरू इमाम अबू हनीफा, आमच्या हनफी परंपरेचे मूळ पुरुष. शिष्य अबू युसूफ आणि मुहम्मद (हे मुहम्मद म्हणजे पैगंबर नव्हेत).

बटईचंच घ्या. शेत एकाचं, राबणारा दुसरा, पिकात दोघांचा वाटा. अबू हनीफा म्हणतात, करार बातल (आपल्या ‘रद्दबातल’मधला बातल तो हाच). का? तर मजुरी किती ते आधी ठरलेलंच नाही. शिष्य म्हणतात, चालेल. पैगंबरांनी अरबस्तानातल्या खैबरच्या लोकांशी निम्म्या उत्पन्नावर असाच व्यवहार केला होता. मरगीनानी लिहितात, फतवा शिष्यांच्या मतावर. लोकांना गरज आहे आणि लोक तसं करत आलेत. एवढ्या मोठ्या इमामाचं मत बाजूला पडलं, पण त्याला कुणी गुरुद्रोह म्हटलं नाही.

आणि आम्ही परीक्षेत काय विचारतो? ‘इमामांमधला इख्तिलाफ, म्हणजे मतभेद, लिहा.’ पोरं कोण काय म्हणालं ते घडाघडा लिहितात, पैकीच्या पैकी मार्क. मतभेदाचंही पाठांतर! मी तसाच शिकलो आणि कैक वर्षं तसंच शिकवलं.

आता फतव्याची ओळ कागदानं झाकायला लावतो. अर्धा वर्ग इमामांच्या बाजूला, अर्धा शिष्यांच्या. एका वर्षी परभणीकडचा एक मुलगा उठला. ‘उस्ताद, मला बाजू बदलायचीय. पाऊस गेला त्या साली अब्बांच्या हाती काही आलं नाही. बियाणंसुद्धा त्यांचंच होतं. इमामसाहेब बरोबर आहेत.’ वर्ग गप्प. मग मागून एकजण, ‘बटई बंद झाली तर तुझे अब्बा करतील काय?’ बियाणं कुणाचं, बैल कुणाचे, यावरून हिदायात चार प्रकार आहेत. त्या दिवशी ते कुणाला घोकावे लागले नाहीत. भांडण दस्तरख्वानापर्यंत, म्हणजे जेवणाच्या पंगतीपर्यंत गेलं.

तुमचा पुढचा प्रश्नही ठाऊक आहे मला: तलाकचं काय? एका दमात दिलेले तीन तलाक एकच धरावेत, असं दमास्कसचे धर्मपंडित इब्न तैमिया १४व्या शतकातच म्हणून गेलेत. पण बटईइतक्या मोकळेपणानं ते पान मी उघडत नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये असा तिहेरी तलाक रद्द ठरवणारा सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सगळा वर्ग माझ्या तोंडाकडे बघत होता. मी भाडेकराराचा धडा काढला.