क्लुएडो संगणकावर: नोंदी कोणी ठेवायच्या?

क्लुएडो, म्हणजे खून कोणी, कशाने आणि कोणत्या खोलीत केला हे ओळखण्याचा पटावरचा खेळ, संगणकावर आणणे हे वरकरणी सोपे काम वाटते. सहा संशयित, सहा हत्यारे आणि नऊ खोल्या यांचा गुणाकार केला की 324 शक्यता होतात, आणि एवढा हिशेब 1980च्या दशकातल्या घरगुती संगणकालाही सहज झेपणारा होता. तरीही या खेळाच्या संगणकीय आवृत्त्या खेळताना काहीतरी निसटल्यासारखे मला वाटत राहते. ते चित्रांत किंवा आवाजांत शोधण्यात अर्थ नाही. ते नोंदींच्या कागदात आहे, म्हणजे कोणाकडे कोणता पत्ता असेल हे खेळाडू ज्यावर टिपत जातो त्या यादीत.

मूळ खेळ बर्मिंगहॅमच्या अँथनी प्रॅट यांचा. प्रॅट हे पेशाने वादक. युद्धकाळात कारखान्यात काम करत असताना त्यांना ही कल्पना सुचली. 1944 मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला, पटाची रचना त्यांच्या पत्नी एल्व्हा यांनी केली, आणि युद्धानंतरच्या टंचाईमुळे रखडत रखडत अखेर 1949 मध्ये लीड्सच्या वॉडिंग्टन्स कंपनीने तो बाजारात आणला. त्याच वर्षी अमेरिकेत पार्कर ब्रदर्सने तो ‘क्लू’ या नावाने काढला. एकूण पत्ते 21. त्यांतले तीन (एक संशयित, एक हत्यार, एक खोली) उत्तर म्हणून लिफाफ्यात जातात आणि उरलेले 18 खेळाडूंमध्ये वाटले जातात.

खेळाची खरी मजा या 18 पत्त्यांभोवती फिरते, आणि तीही आपल्याला दाखवलेल्या पत्त्यांपेक्षा न दाखवलेल्या पत्त्यांत अधिक असते. समजा, माझ्या शेजाऱ्याने ‘कर्नल मस्टर्ड, ग्रंथालय, दोरी’ असा तर्क मांडला आणि समोरच्या गड्याने त्या तिघांपैकी आपल्याकडचा एक पत्ता त्याला झाकून दाखवला. तो कोणता, हे मला दिसत नाही. मात्र ग्रंथालयाचा पत्ता माझ्याच हातात आहे, आणि मस्टर्डचे नाव असलेल्या आधीच्या एका तर्काला त्या गड्याने ‘पास’ (त्यातला एकही पत्ता माझ्याकडे नाही) म्हटले होते, हे मी टिपून ठेवले आहे. मग दोरीचा पत्ता त्याच्याकडेच असणार. एकही पत्ता न पाहता एक हत्यार यादीतून गेले. मेंढीकोट खेळताना कोणाकडे कोणता रंग संपला हे ध्यानात ठेवणारा गडी जसा बाकीच्यांना नकोसा होतो, तसाच क्लुएडोत ‘पास’चा हिशेब ठेवणारा खेळाडू भारी पडतो.

संगणकाला हा हिशेब ठेवायला कष्ट पडत नाहीत. ‘या तिघांपैकी एक पत्ता त्याच्याकडे आहे’ अशी अर्धवट माहिती तो जपून ठेवतो आणि चार फेऱ्यांनंतर दुसरीकडून दुवा मिळाला की मागची गाठही त्याच क्षणी सोडवतो. माणूस बहुधा फक्त स्वतःला दाखवलेल्या पत्त्यांवर फुल्या मारत बसतो. त्यामुळे संगणकाने अचानक अचूक आरोप केला की हरणाऱ्याला वाटते, याने लिफाफ्यात डोकावून पाहिले असणार. बहुतेक वेळा लबाडीची गरजच नसते. सगळ्यांसमोर बोलले गेलेले सगळे लक्षात ठेवणे पुरेसे असते.

एकाच पडद्यासमोर तिघे-चौघे बसले की आणखी एक अडचण येते. टेबलावर पत्ता हळूच पुढे सरकवून पुन्हा हातात घेता येतो. सामायिक पडद्यावर मात्र बाकीच्यांना माना फिरवायला सांगावे लागते. ब्रिटनमध्ये लेझर जीनियसने 1980च्या दशकाच्या मध्यात काढलेल्या आवृत्तीपासून हा प्रश्न होताच. प्रत्येकाच्या हातात स्वतंत्र मोबाइल आल्यावर तो आपोआप सुटला, पण ‘पास’ म्हणताना क्षणभर अडखळणारा चेहराही त्याबरोबर गेला.

संगणकाचा एक उपकार मात्र मान्य केला पाहिजे. टेबलावर एखाद्याने नजरचुकीने आपल्याकडचा पत्ता दाखवायचा राहू दिला, तर सगळ्यांचेच तर्क नासतात आणि ते कळते शेवटी, लिफाफा उघडल्यावर. संगणकावर असे होऊच शकत नाही. चुकीचा आरोप करून बाद झालेल्या खेळाडूने पत्ते दाखवण्यापुरते खेळात राहायचे असते. ते कंटाळवाणे कामही संगणक निमूटपणे करतो.

एवढ्यावर थांबले असते तर बरे झाले असते. परंतु यादी आपोआप भरण्याची सोय चालू केली की आपण शोध घेणारे उरत नाही, फासे टाकून खोल्यांमधून फिरणारे प्यादे होतो. याउलट ‘शेरलॉक होम्स कन्सल्टिंग डिटेक्टिव्ह’ पाहा. 1981 च्या या खेळात पट जवळजवळ नाहीच. लंडनचा नकाशा, तिथल्या घरा-दुकानांच्या पत्त्यांची निर्देशिका आणि वर्तमानपत्रे एवढेच साहित्य. 1991 मध्ये आयकॉम सिम्युलेशन्सने त्यातली काही प्रकरणे सीडीवर आणली, साक्षीदारांच्या जबान्या अभिनेत्यांकडून चित्रित करून घेतल्या, आणि शेवटी न्यायाधीशासमोर उभे राहून प्रश्नांची उत्तरे द्यायला लावली. अभिनय नाटकी आहे, पडद्यावरची चित्रचौकट आगपेटीएवढी आहे. तरी रूपांतर म्हणून ते मला क्लुएडोच्या बहुतेक आवृत्त्यांपेक्षा सरस वाटते, कारण कोणती जबानी महत्त्वाची आणि कोणती फुकट, हे तिथे यंत्र सांगत नाही. अर्थात त्या खेळात खेळाडूंनी एकमेकांपासून लपवण्यासारखे काही नसतेच, त्यामुळे त्याचे काम मुळात सोपे होते, हेही खरे.

क्लुएडोपुरते बोलायचे तर खरे कौशल्य लागते ते कच्चा प्रतिस्पर्धी घडवायला. त्याला अधूनमधून निरर्थक तर्क मांडायला लावणे हा सोपा उपाय झाला, पण तसा गडी मूर्ख दिसतो आणि त्याच्याशी खेळण्यात रस राहत नाही. दोन-तीन फेऱ्यांपूर्वीचे ‘पास’ विसरणारा आणि फक्त स्वतःला दाखवलेले पत्ते नीट ध्यानात ठेवणारा प्रतिस्पर्धी मला हवा असतो, कारण घरात खेळणारी माणसे साधारण अशीच खेळतात. तोवर मी यादीची सोय बंद ठेवतो आणि शेजारी एक चौकटींचा कागद घेऊन बसतो: उभ्या रकान्यांत खेळाडू, आडव्या ओळींत 21 पत्ते, आणि ‘तिघांपैकी एक’ अशा नोंदींसाठी त्या चौकटीत फेरीचा क्रमांक.