सहाशे माणसांची गॅलरी अन् एकोणीस दिवसांचा दाखला

आधीच सांगतो, डोकं अजून गरम आहे त्यामुळं क्रम मागंपुढं होईल. आमच्याकडं (लातूर जिल्हा, तालुक्याचं गाव, नाव घेत नाही) दर जानेवारीत टेनिस बॉलची टूर्नामेंट असते. पब्लिक ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर, कंपाउंडवर, लिंबाच्या झाडावर चढून मॅच बघतंय, दरवर्षी एखादं पोरगं पडतंय. म्हणून यंदा मंडळानं ठरवलं, पाईपची गॅलरी करायची. पाच पायऱ्या, सहाशे माणसं, अकरा दिवस. बस्स.

हे खूळ डोक्यात घातलं २०२४ च्या टी-ट्वेंटी वर्ल्ड कपनं. न्यूयॉर्कच्या बाजूला नासाऊ काउंटीत आयझेनहॉवर पार्कमध्ये ३४,००० माणसांचं स्टेडियम उभं केलं, आठ मॅच खेळवल्या अन् १२ जूनची भारत-अमेरिका मॅच संपल्यावर लगेच खोलायला घेतलं. काही गॅलऱ्या तर लास वेगासच्या कार रेसमधून आणलेल्या, अन् पिच ॲडलेडच्या क्युरेटरच्या टीमनं फ्लोरिडात तयार करून ट्रकनं आणलेलं. पिच कसं होतं ते सगळ्यांनी बघितलं, श्रीलंका ७७ वर गुंडाळली, आपण ११९ ला ऑलआउट होऊनही पाकिस्तानला ६ रननं हरवलं. पण माझी नजर त्या पाईपांवरच होती. म्हणलं हे तर आपला मंडपवाला करतोय की.

मैदानाची एनओसी, पोलिसांची परवानगी, स्पीकर, लाईटचं टेंपररी कनेक्शन, सगळं मिळून पाच दिवसात झालं. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

अडकलो ते स्टॅबिलिटीच्या दाखल्यात. म्हणजे गॅलरी माणसांचा भार पेलते असं सरकारी इंजिनिअरनं लिहून द्यायचं. ऑफिस कोणतं ते सांगत नाही, पुढच्या वर्षी परत तिथंच जायचंय.

पहिल्या दिवशी आवक-जावकच्या टेबलावरच अर्ज परत. का तर फॉर्ममध्ये बांधकामाचा प्रकार कच्चं का पक्कं एवढंच आहे अन् मी मधल्या जागेत पेनानं 'तात्पुरतं' लिहिलेलं. 'मालक, असा प्रकारच नाही आमच्याकडं.' मग कच्चं लिहा म्हणलं तर म्हणे कच्च्या बांधकामावर सहाशे माणसं बसवता का? बरं, पक्कं लिहितो. तर पक्क्याला जागेचा उतारा अन् मंजूर नकाशा लागतो. जागा मैदानाची, मी काय उतारा आणू.

चौथ्या दिवशी कळलं, आधी लायसन्सवाल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरचं ड्रॉइंग अन् सही लागते. लातूरला गेलो. तो माणूस चांगला होता, पण म्हणला उभी केलेली बघितल्याशिवाय सही करणार नाही. ऑफिस म्हणतंय सहीशिवाय उभी करायची नाही. मंडपवाला म्हणतोय ॲडव्हान्स द्या, लग्नसराई चालू आहे, पाईप दुसरीकडं जायलेत. आता हे तिघं माझ्या डोक्यावर अन् मी मोटारसायकलवर, लातूर ते तालुका अन् तालुका ते लातूर.

मधेच एक लिहितो नाहीतर विसरंन. अर्जाच्या दोन प्रती न्या अन् आपल्या प्रतीवर आवक नंबर अन् तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. नंतर दिलेला माझा अर्ज सापडतच नव्हता, नऊ दिवस तसेच गेले. अन् सोमवारी जाऊ नका, साहेब मीटिंगला असतात.

दहाव्या दिवशी माझं डोकं फिरलं. मोबाईलवर नासाऊचे फोटो काढले अन् टेबलावर ठेवले, साहेब बघा, ३४,००० माणसांचं उभं राहिलं अन् खोललं बी. साहेब क्रिकेटचे शौकीन निघाले. वीस मिनिटं बोलले, मुंबईचा नेत्रावळकर अमेरिकेकडून खेळला अन् त्यानं कोहलीला पहिल्याच बॉलवर कसा काढला ते पूर्ण सांगितलं. चहा पाजला. मग म्हणले, 'मग टूर्नामेंट तिकडंच न्या की.' फाईल तिथंच.

खरं तर तिकडंही सरळ झालं नव्हतं, हे मी नंतर वाचलं. आधी ब्राँक्समधल्या व्हॅन कोर्टलँड पार्कात करायचं होतं, तिथल्या लोकांनी विरोध केला, अन् विरोध करणाऱ्यात तिथले क्रिकेट खेळणारे पण होते, कारण त्यांचीच मैदानं जाणार होती. हे वाचून जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

सुटका झाली ती एका ज्युनिअर इंजिनिअर मॅडममुळं. पंधराव्या दिवशी जिन्यात भेटल्या. म्हणल्या, 'दादा, एकच अर्ज कशाला देता? दोन द्या. पहिला फक्त ड्रॉइंग तपासायचा, दुसरा उभारल्यावर जागेवर पाहणीचा.' लातूरचा इंजिनिअर ड्रॉइंगवर लगेच सही करायला तयार, कारण त्यात उभी केलेली गॅलरी आलीच नाही. चार दिवसात खेळ खलास. ही गोष्ट पहिल्या दिवशी त्या टेबलावर कुणी सांगितली असती तर?

पाहणीला मॅडम स्वतः आल्या, अन् इथं मात्र मी गप्प बसलो. त्यांनी चौरस मीटरला ५०० किलोचा हिशोब लावला. म्हणल्या माणसं बसून असतात तोवर काही होत नाही, सिक्सर गेला की सगळी एकदम उठून उड्या मारतात, तेव्हा गॅलरी आडवी हलते. तिरके पाईप मागच्या बाजूला कमीच होते, मंडपवाल्यानं वाचवले होते. वीस वाढवले. २०२१ ला तेलंगणात सूर्यापेटला कबड्डीच्या मॅचला अशीच गॅलरी पडून शंभराच्या वर माणसं जखमी झाली होती, ते त्यांनीच सांगितलं.

आणखी एक, आपली काळी माती. पाईप थेट मातीवर ठेवू नका, खाली जाड फळ्या टाका. अन् धुळीसाठी टँकरनं पाणी मारता ते गॅलरीच्या पायापासून लांब मारा, ओली झाली की पाईप खचतोच. आमचा एक पाईप दोन इंच खाली गेला होता, सेमीफायनलच्या सकाळी जॅक लावून उचलला.

दाखला उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी पावणेसहाला हातात आला. गॅलरी भरली, काही झालं नाही, लिंबाच्या झाडावर तरी चार पोरं होतीच.

आता अनामत रक्कम परत घ्यायची आहे. त्याला गॅलरी काढल्याचं पत्र अन् फोटो लागतो. मी मोकळ्या मैदानाचा फोटो दिला. परवा फोन आला, 'मालक, ह्या फोटोत गॅलरी कुठं दिसत नाही.'