सीलीतला मुक्काम आणि एक वही

टेक्सासातल्या फ्रेडरिक्सबर्गचं वर्णन वाचायला आलेल्यांना आधीच सांगून टाकते. गाव छान आहे, जर्मन बेकऱ्या आहेत, एन्चांटेड रॉकच्या गेटबाहेर रविवारी आमचा तासभर रांगेत गेला आणि अण्णांनी निम्मा खडक चढून "सदाशिवगडाची सर न्हाई" असा निकाल दिला. झालं फ्रेडरिक्सबर्ग. बाकीची सगळी पोस्ट सीलीची आहे, जिथे आम्हाला थांबायचंच नव्हतं.

ऑक्टोबरातला शुक्रवार. अण्णा, म्हणजे माझे सासरे, कराडहून तीन महिन्यांसाठी आलेले. आय-टेन हायवेवरची ट्रकची गर्दी त्यांना सहन होत नाही, म्हणून ह्यूस्टनजवळच्या आमच्या शुगरलँडहून निघून रोझेनबर्गला हायवे 36 धरला. ऑर्चर्ड, वॉलिस, दोन्ही बाजूंना शेतं, शेजारून मालगाडी. अण्णा खुशीत होते. सीली चार-पाच मैलांवर असताना मागचा टायर फुटला. नवऱ्याने स्टेपनी चढवली, पण तिच्यावर फ्रेडरिक्सबर्गपर्यंत जाणं शक्य नव्हतं.

सीलीतल्या टायरवाल्याकडे पोचलो तेव्हा पाच वाजून गेले होते आणि तो शटर ओढत होता. आमच्या मापाचा टायर सकाळीच मिळेल म्हणाला. मी फ्रेडरिक्सबर्गच्या हॉटेलला फोन लावला. त्यांनी त्या रात्रीचे 189 डॉलर परत द्यायला साफ नकार दिला, वर "पॉलिसी" हा शब्द चार वेळा ऐकवला. मला रडू यायचं बाकी होतं. बाजारपेठेत एकेक दुकान बंद होत होतं आणि प्रत्येक काचेवर काळ्या-सोनेरी रंगात वाघाचे पंजे काढलेले होते. टायरवाला म्हणाला, "आज मॅच आहे. गावात दुसरीकडे कुठे कुणी भेटणार नाही, तुम्हीही चला." आणि खरंच, आम्हाला मोटेलवर सामान टाकू देऊन त्याने स्वतःच्या पिकअपमधून स्टेडियमच्या दारात सोडलं. ह्यूस्टनच्या इतक्या जवळ राहून अशी माणुसकी मी फार कमी वेळा पाहिली आहे, म्हणून मुद्दाम लिहिते.

अमेरिकेत एकोणीस वर्षं काढली, पण हायस्कूलच्या फुटबॉलला मी कधी गेले नव्हते. हा फुटबॉल म्हणजे हातात लांबट चेंडू घेऊन पळण्याचा. आमच्या ओळखीतल्या मराठी घरांत मुलं टेनिस, पोहणं, बुद्धिबळ खेळतात. शुक्रवारी रात्री स्टेडियमचे दिवे दुरून दिसतात आणि आपण सिग्नलला ट्रॅफिकवर वैतागतो, एवढाच माझा त्याच्याशी संबंध.

सीली सहा-सात हजार वस्तीचं गाव आहे. सगळं गाव तिथे होतं असं वाटावं इतकी माणसं. तान्ही बाळं, काठी टेकणारे म्हातारे, बँडमधली पोरं घामाघूम. बसायला अॅल्युमिनियमचे बाक, पाठीला काही नाही. वयस्कर माणसांना घेऊन जाणार असाल तर पाठीची खुर्ची न्या, हे मी आता सांगते आहे; तेव्हा मला काहीच माहीत नव्हतं आणि अण्णा पंधरा मिनिटांत कंबर धरून बसले. शेजारच्या आजोबांनी ते पाहिलं. स्वतःची घडीची पाठ काढून अण्णांच्या बाकाला अडकवली. अण्णा नको नको म्हणत राहिले, तर त्यांनी नुसता खांद्यावर हात ठेवून त्यांना बसवलं.

वयाने ऐंशी ओलांडलेले. टोपीखालून पांढरे केस, मांडीवर खिशात मावेल अशी आडव्या रेघांची वही आणि दातांनी चावलेली पेन्सिल. समोर एवढा मोठा स्कोअरबोर्ड असताना हे काय लिहिताहेत ते मला कळेना. प्रत्येक चालीनंतर तीन गोष्टी लिहायचे. चेंडू घेऊन पळणाऱ्याचा नंबर, किती यार्ड गेला, आणि तिसऱ्या रकान्यात आणखी एक-दोन नंबर. मी विचारलं, हे तिसरं काय?

"ज्यांनी वाट करून दिली ते," आजोबा म्हणाले. "बॉल कुणाकडे जातो ते सगळेच बघतात. मी पहिले दोन सेकंद बॉलकडे बघतच नाही."

मी अण्णांना मराठीत सांगितलं. अण्णांना तोवर खेळातलं एक दृश्य आवडू लागलं होतं. चाल सुरू होण्याआधी दोन्हीकडची दांडगी पोरं समोरासमोर वाकून, हात जमिनीला टेकवून एकमेकांच्या डोळ्यांत बघत असतात. "ही खडाखडीच की!" ते म्हणाले, म्हणजे कुस्तीच्या सुरुवातीला पैलवान एकमेकांना अजमावतात ती. मग शिट्टी-गोंधळ न बघता तेही पहिले दोन सेकंद त्याच पोरांकडे बघू लागले. त्यांनी एकदा "चौसष्ट नंबर, त्यानं ढकलला" म्हणून बोट केलं, मी इंग्रजीत सांगितलं, आणि आजोबांनी मान डोलावून 64 लिहिलं. पुढचा तासभर दोघांना माझी फारशी गरज पडली नाही.

हाफटाइमला बँड मैदानात आला आणि आजोबा बोलू लागले. सीलीचं नाव देशभर गेलं ते इथल्या शाळेतल्या एरिक डिकर्सनमुळे. 1978 साली त्याच्या टीमने राज्याचं विजेतेपद आणलं. पुढे 1984 मध्ये लॉस एंजेलिस रॅम्सकडून एका सीझनमध्ये 2,105 यार्ड पळाला. एनएफएलमधला, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक फुटबॉल लीगमधला, तो विक्रम अजून उभा आहे. "ताठ पळायचा," आजोबांनी बसल्या जागी पाठ सरळ करून दाखवलं. "बाकीची पोरं वाकून धडका देत जातात, हा उभ्या उभ्या निघून जायचा. बघताना वाटायचं, जोर लावतच नाही." मग लगेच म्हणाले, की त्याला नात्यातल्या एका आजीने लहानाचा मोठा केला, हेही लक्षात ठेव. ते त्यांच्या तिसऱ्या रकान्यातलं होतं, हे मला नंतर उमजलं. सीलीने 1994 ते 1997 अशी सलग चार वर्षं राज्याची ढाल आणली. त्या चार टीममधली कितीतरी पोरं कुठेच प्रसिद्ध झाली नाहीत. आज त्यातलं कोण कुठे काम करतं, कुणाचा गुडघा गेला, हे त्यांना पाठ होतं.

मग त्यांनी विचारलं, तुम्ही कुठले? मी म्हटलं, शुगरलँड. ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. "माझा जन्म तिथला," म्हणाले. "वडील साखर कारखान्यात होते. आम्ही कंपनीच्या घरात राहायचो. तू केन हॉलच्या गावात राहतेस."

मला हे नाव माहीत नव्हतं. अकरा वर्षं त्या गावात राहते. इम्पीरिअल शुगरची ती बंद पडलेली आठ मजली विटांची इमारत माझ्या रोजच्या रस्त्यावर आहे, 2003 ला कारखाना बंद झाला तेही माहीत आहे. पण तिथे एका मुलाने काय केलं होतं ते मला सीलीत, टायर फुटल्यावर, परक्या माणसाकडून कळलं. याची लाज वाटली आणि ती अजून गेलेली नाही.

केन हॉल 1950 ते 1953 शुगरलँड हायस्कूलकडून खेळला. गाव म्हणजे तेव्हा साखर कंपनीची वसाहत, शाळा लहान. इतक्या लहान शाळांना त्या काळी राज्याची फायनलच नसायची, विभागापर्यंत जाऊन सीझन संपायचा. तरी चार वर्षांत तो 11,232 यार्ड पळाला. 1953 च्या एका सीझनमध्ये 4,045. एका सामन्यात अकरा वेळा चेंडू हातात आला आणि तेवढ्यात 520 यार्ड. आजोबा तेव्हा नऊ वर्षांचे, तारेच्या कुंपणाला नाक लावून उभे. "पाय दिसायचे नाहीत," एवढंच म्हणाले आणि थोडा वेळ गप्प बसले.

पुढे कॉलेजात, टेक्सास ए अँड एममध्ये, बेअर ब्रायंटसारख्या नावाजलेल्या कोचशी त्याचं जमलं नाही. ब्रायंटने हॉलला त्याच्या जागेवर खेळवलंच नाही, हॉल टीम सोडून गेला. व्यावसायिक फुटबॉलही थोडाच खेळला. पण चार वर्षांच्या एकूण यार्डांचा हायस्कूलचा विक्रम 2012 पर्यंत टिकला. फ्लोरिडातल्या युली नावाच्या अशाच छोट्या गावातल्या डेरिक हेन्रीने तो मोडला. मध्ये 59 वर्षं गेली. आणि ज्या शाळेचं नाव हॉलने मोठं केलं ती शाळा तोवर उरलीच नव्हती. 1959 मध्ये शुगरलँड आणि मिसुरी सिटीच्या शाळा एकत्र करून नवा शालेय जिल्हा (स्कूल डिस्ट्रिक्ट) केला. "शाळा गेली की वही ठेवणारा माणूस जातो," आजोबा म्हणाले. "सीलीत शाळा आहे. म्हणून मी इथे लिहितो."

सामन्याच्या तिसऱ्या भागात काय झालं मला आठवत नाही, कारण मी हे सगळं अण्णांना सांगत होते. अण्णांनी मध्येच थांबवलं. "कंच्या साली म्हनालीस? त्रेपन्न? आगं, ह्यांना खाशाबांचं सांग."

आणि मी पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून ते नीट ऐकलं. 1952, हेलसिंकी. गोळेश्वरचे खाशाबा जाधव, कुस्तीत ब्राँझ, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परत आले तेव्हा कराडात दीडशेवर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. अण्णा सहा वर्षांचे, वडिलांच्या खांद्यावर. "बैलांच्या शिंगांना गोंडे, आन् माझ्या तोंडात सगळा गुलाल," अण्णा म्हणाले. गुलालाला इंग्रजीत काय म्हणायचं ते मला सुचेना, मी लाल रंगाची पूड म्हटलं. आजोबांना पूड समजली, खांदा तर लगेच समजला.

मग सरकारने पद्म दिलं नाही, अर्जुन पुरस्कार 2000 साली मिळाला आणि खाशाबा तर 1984 लाच अपघातात गेले होते, हे सांगताना अण्णांचा आवाज चढला. मागच्या बाकावरची माणसं बघू लागली. मला संकोच वाटला नाही. त्या स्टेडियममध्ये खेळाडूसाठी आवाज चढवायला कुणाची हरकत नव्हती.

सीली जिंकली की हरली हे लिहिलं नाही, कारण शेवटची पाच मिनिटं या दोघांनी मैदानाकडे पाहिलंच नाही. माणसं पायऱ्या उतरू लागली, दिवे मात्र चालू होते. आजोबांनी वहीचं कोरं पान काढलं आणि माझ्याकडून स्पेलिंग विचारून घेऊन पहिल्या रकान्यात लिहिलं, के. डी. जाधव. दुसऱ्यात 1952, ब्राँझ. मग पेन्सिल तिसऱ्या रकान्यावर टेकवून अण्णांकडे पाहिलं.

मला वाटलं अण्णांना समजणार नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

"खर्डेकर," ते म्हणाले. "राजाराम कॉलेजचे प्रिन्सिपल, कोल्हापूर. जायला पैसं नव्हतं, तर ह्या मानसानं सोताचं घर गहान टाकलं. सात हजारावर."

मी सांगितलं. आजोबांनी मला ते नाव दोनदा म्हणायला लावलं, मग एकेक अक्षर जुळवून तिसऱ्या रकान्यात लिहिलं.