शेतपंपाचा वायरलेस स्टार्टर: आमची वाटचाल

शेतीची थ्री-फेज लाइन बऱ्याच ठिकाणी रात्री येते. घरूनच मोटर चालू करता यावी, म्हणून आम्ही 433 मेगाहर्ट्झच्या रिमोटपासून सुरुवात केली. त्यातल्या ईव्ही1527 चिपचा पत्ता 20 बिटांचा, म्हणजे सुमारे साडेदहा लाख कोड. पण कोड दर वेळी तोच जातो. स्वस्तातल्या रिसीव्हरने एकदा पकडून पुन्हा सोडला की मोटर कुणीही चालवावी, आणि विहिरीत पाणी नसताना पंप कोरडा चालला की बुश झिजतात, वाइंडिंग जळते. म्हणून आधी रोलिंग कोड (दर वेळी बदलणारा) आणि नंतर ईएसपी32 या छोट्या कंट्रोलर चिपवर वायफाय.

वायफायमध्ये धोका वेगळाच: सगळ्या डब्यांत एकच पासवर्ड. 2016 साली मिराई या मालवेअरने कॅमेरे आणि राउटर हातात घेतले ते कारखान्यातून आलेल्या पासवर्डांवरच. शिवाय उघड्या ईएसपी32 बोर्डाला यूएसबी-सिरियल केबल लावली, की एका कमांडमध्ये 4 एमबीची सगळी फ्लॅश (चिपची कायमची मेमरी) लॅपटॉपवर उतरते आणि वायफायचा पासवर्ड सरळ वाचता येतो.

त्यामुळे आमच्याकडे प्रत्येक बोर्ड आपली चावी (ओळख पटवणारा गुप्त आकडा) स्वतःच तयार करतो. त्या वेळी वायफाय रेडिओ चालू ठेवतो, कारण तो बंद असला तर चिपच्या रँडम आकड्यांवर विसंबता येत नाही. मग सर्टिफिकेट (त्या चावीचे ओळखपत्र), पूर्ण टेस्टिंग, आणि सगळ्यात शेवटी सिक्युअर बूट (फक्त आमची सही असलेलाच प्रोग्राम चालू देणे) व फ्लॅश एन्क्रिप्शन, तेही रिलीज मोडमध्ये, म्हणजे कायमचे. ईफ्यूज (चिपमधला एकदाच लिहिता येणारा बिट) एकदा जळला की परत येत नाही, म्हणून हा क्रम मोडायचा नाही. एनव्हीएस, जिथे वायफायचा पासवर्ड असतो, या एन्क्रिप्शनमध्ये आपोआप येत नाही. त्याच्या चाव्यांना फ्लॅशमध्ये वेगळे पार्टिशन (राखीव भाग) द्यावे लागते. फर्मवेअरवर (बोर्डातल्या प्रोग्रामवर) सही करायची चावी इंटरनेट नसलेल्या मशिनवर, आणि तिची प्रत दुसऱ्या जागी. या चिपमध्ये सिक्युअर बूटला एकाच चावीची जागा आहे; ती हरवली तर शेतातल्या बोर्डांना पुढचे अपडेट देणे संपले.

बोर्ड आणि फोन यांच्यात संदेश पोचवणारा सर्व्हर, म्हणजे ब्रोकर, मॉस्किटो; पोर्ट 8883. नुसत्या टीएलएसवर (जोडणीच्या एन्क्रिप्शनवर) भागत नाही. एसीएल (कुणाला काय वाचता-लिहिता येईल याची यादी) नसेल तर एका शेतकऱ्याचा बोर्ड '#' ला, म्हणजे सगळ्या टॉपिकांना (संदेशांच्या पत्त्यांना), सबस्क्राइब करून सगळ्यांच्या मोटरींचे संदेश ऐकतो. एसीएलमध्ये पॅटर्न आणि '%u' (जोडलेल्याचे युजरनेम) वापरला की प्रत्येकाला फक्त आपलाच टॉपिक दिसतो.

सगळ्यात जास्त घोळ घड्याळाचा. लाइट येते तेव्हा बोर्डावर 1970 साल असते. तारीख तपासायची तर ब्रोकरच्या सर्टिफिकेटची मुदत अजून सुरूच झालेली नाही, म्हणून जोडणी अडते. इथे बरेच जण सर्टिफिकेटची तपासणीच काढून टाकतात, आणि मग टीएलएस असून नसल्यासारखे. उपाय स्वस्त आहे: नाणे-सेलवर चालणारी आरटीसी (घड्याळाची चिप), आणि आधी एसएनटीपीवरून, म्हणजे इंटरनेटवरून, वेळ, मगच जोडणी.

अपडेटला दोन पार्टिशन ठेवतो. अर्ध्यात लाइट गेली तरी जुने फर्मवेअर चालते. रोलबॅक, म्हणजे जुन्यावर परतण्याची सोय, सुरू असतो. नव्या फर्मवेअरने ब्रोकरशी बोलून स्वतःला पक्के केले नाही, तर पुढच्या रीस्टार्टला बोर्ड आपणहून जुन्यावर येतो.